छप्पन्न दात्यांचं चाक

रविवारी सकाळी पोह्यांची फोडणी पडली, की पाठोपाठ आमच्या फाटकाची कडी वाजायची आणि भुनेश्वरकाका सायकल आत घ्यायचे. सायकल भिंतीला टेकवायची, चाकावरून एकदा हात फिरवायचा, चपला दाराबाहेर एकमेकींना चिकटवून ठेवायच्या, हे सगळं ते इतक्या शांतपणे करत, की आई म्हणायची, "हा मानूस देवळात येते का आपल्या घरी येते?" बाबा तोवर पडवीत सतरंजी अंथरून तयार असायचे. सतरंजीच्या मधोमध ती लाकडी पेटी. पेटीत हिरव्या आणि लाल रंगाच्या, भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्या, लहान मोठे नटबोल्ट, दांडे, कप्प्या आणि एका वेगळ्या खणात मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली पितळी दातेरी चाकं. दोघं समोरासमोर मांडी घालून बसत. एक नव्या सरकारच्या कचेरीतला ड्राफ्ट्समन, एक रेल्वेच्या वर्कशॉपमधला फिटर. दोघांचेही केस पिकायला लागलेले. आणि मग दुपारी आई "जेवाले चला" म्हणून तिसऱ्यांदा ओरडेपर्यंत पडवीतून फक्त पान्याची किरकिर आणि "हव", "नाही", "थोडा और", एवढेच शब्द ऐकू येत.

ती पेटी आमच्यासाठी आणलेली होती, असं घरात म्हणायची पद्धत होती. बदली होऊन जाणाऱ्या कोणा साहेबाच्या घरून बाबांनी ती जुनी उचलली आणि आल्या आल्या जाहीर केलं, "पोट्ट्यांसाठी आणली." पोट्ट्या म्हणजे मी आणि माझी मोठी बहीण सुनंदाताई. ताईनं पहिल्या दिवशी एक पट्टी हातात घेतली, वास घेतला आणि ठेवून दिली. मी दोन पट्ट्या जोडून एक त्रिकोण केला, तो बाबांनी हळूच माझ्याकडून घेतला, "असा नाही, असा" म्हणून सुधारला, आणि परत दिलाच नाही. त्यानंतर माझं काम एकच उरलं. स्टीलच्या ताटलीत नटबोल्ट घेऊन बसायचं आणि मागतील तो द्यायचा. "मनू, तो लहान पाना दे बरं." "नोनी, वो चपटा वाला." छत्तीसगढीत मुलीला नोनी म्हणतात, काका मला दुसरं कधी काही म्हणाले नाहीत. कोणता बोल्ट कुठे बसतो, कोणतं चाक नसलं की सगळं थांबतं, हे सगळं मला न खेळताच येत होतं. पुढे जे झालं ते त्या येण्यामुळे झालं, म्हणून सांगून ठेवते.

तेव्हा रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. गावाला ते अंगावर जरा मोठ्या मापाचा कोट घातल्यासारखं होतं. मंत्रालय एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरत होतं, लाल दिव्यांच्या गाड्या सायकलरिक्षांच्या मागे हॉर्न वाजवत अडकून पडत होत्या, आणि सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी गच्चीवरच्या वाळत्या धुण्यावर येऊन बसत होती. आई पापड वाळत घालायची तेव्हा वर मलमल टाकायची. बाबांच्या टेबलावर नव्या रस्त्यांचे, नव्या शहराचे नकाशे येत. पण ते नकाशे दुसऱ्याचे. बाबा त्यांची शाईनं नक्कल काढत, साहेब लाल पेन्सिलनं रेघ मारत, बाबा पुन्हा काढत. घरी आले की बोलत नसत. पाय धुवून खुर्चीत बसत आणि भिंतीकडे बघत. रविवारी मात्र त्या सतरंजीवर त्यांचा चेहराच निराळा असे. आता मी स्वतः नोकरी करते, तेव्हा कळतं, की आठवड्यातून एक दिवस त्यांच्या हातून काहीतरी उभं राहत होतं आणि त्यावर लाल रेघ मारणारं कोणी नव्हतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की माझा बाप खेळण्यांशी खेळतो.

आमच्या विदर्भातल्या लोकांत महालक्ष्म्या बसतात, त्यांच्यासमोर खेळणी मांडायची रीत आहे. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी लेकरांना घेऊन माहेरी येतात, मग लेकरांनी खेळायचं कशाशी? म्हणून बाहुल्या, लाकडी बैल, भातुकली, असेल ते सगळं आरास म्हणून पुढे मांडतात. बाबांनी या रीतीचा पुरेपूर फायदा घेतला. वर्षभर रविवारी जे चालायचं त्याला देवीचं नाव मिळालं, की मग कोणी काही म्हणू शकत नसे. एका वर्षी त्यांनी आणि काकांनी फिरता पाळणा केला, एका वर्षी विहिरीवरची मोट, एका वर्षी डबे उलटे करून कोळसा ओतणारं यंत्र, जे काकांच्या वर्कशॉपमधलं कोणी तरी पाहून आलं होतं. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या गल्लीतल्या, बाया हळदीकुंकवाला यायच्या त्या महालक्ष्म्यांना हात जोडायच्या आणि तशाच जोडल्या हातांनी यंत्राकडे वळायच्या.

त्या वर्षीचा पूल या सगळ्यांच्या वरचा होता. दोन हात लांब. मधोमध दुभंगणारा. पोरा, म्हणजे आपला पोळा, नुकताच झाला होता, बाजारातून मातीचे चाकांचे नांदिया बैल आणले होते, त्यांची जोडी एका टोकाला गाडीला जुंपलेली. पुलाखाली पाण्यानं भरलेली परात आणि त्यात पत्र्याची होडी. आणि या सगळ्याला एकच हँडल. भादव्यातल्या त्या रविवारी, आदल्याच दिवशी गणपती बसले होते, दोघांनी पहिल्यांदा तो पूर्ण चालवून पाहिला. बाबा म्हणाले, "मनू, तू फिरव." मी ताटली बाजूला ठेवली आणि हँडल धरलं. आधी पुलाचे दोन्ही पंख उचलले गेले, इतके सावकाश, की जणू कोणी झोपेतून हात वर करत आहे. ते उभे झाले आणि थांबले. मी हँडल फिरवतच होते, पण ते थांबले, आणि खालून होडी निघाली. होडी पार झाली तसे पंख खाली आले, टेकले, आणि आता बैल चालू लागले. मी एकाच दिशेनं, एकाच गतीनं हात फिरवत होते आणि समोर एकामागून एक गोष्टी आपापल्या पाळीची वाट बघत घडत होत्या. हे सगळं ज्याच्यावर चालत होतं ते एक मोठं पितळी चाक होतं, देवीवर टांगतात त्या फुलोऱ्यातल्या लहान पुरीएवढं. त्याचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत पुलाचा सगळा खेळ व्हायचा. छप्पन्न दाते. काका ते मोठ्यानं मोजायचे, जप केल्यासारखे. बैल पलीकडे पोचले. काकांनी नुसता बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. माझ्या अंगावर काटा आला होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचताना कोणाला वाटेल, या पोरीला त्या पुलाचं काही वाटतच नव्हतं.

वाटत होतं. पण त्याच आठवड्यात शाळेत माझ्या बाकावरच्या पोरीनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तेरे पापा अभी भी खिलौने से खेलते हैं ना? मेरी मम्मी देख के आई थी." सगळ्या हसल्या, मीही हसले. आणि त्या रविवारी दुपारी अकोल्याहून आत्या आली. महालक्ष्म्यांच्या तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ताईला पाहायला भिलाईचे लोक यायचे होते. मुलगा सिलतऱ्याला इंजिनिअर, वडील निवृत्त हेडमास्तर, आणि ते फार कडक आहेत अशी त्यांची ख्याती आमच्यापर्यंत आधीच येऊन पोचली होती. आत्यानं मधल्या खोलीतला पूल पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"दादा, पाहुने येऊन राहिले अन् तू हे काय मांडून बसला?"

"देवीची आरास आहे ते," बाबा म्हणाले.

"आरास पोट्ट्यांची असते. लग्नाची पोरगी घरात अन् बाप नटबोल्ट खेळते. हेडमास्तर मानूस तो. म्हनन, याच्या डोक्यात फरक आहे का काय! मंग बस पोरीले घरात घेऊन."

बाबा हसले. ताई मात्र हसली नाही. ती स्वयंपाकघरात आली आणि सोळा भाज्यांसाठी आणलेला दोडका उगीचच धुवत राहिली. तिला तो मुलगा हवा होता. त्यांची एकदा ओझरती भेट झाली होती, आणि ते मला एकटीला माहीत होतं. मला तिची दया आली असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. खरं असं आहे, की दया थोडी होती आणि लाज जास्त. मला तो पूल बंद पडायला हवा होता. मोडायला नको, नुसता बंद. बंद पडलेलं यंत्र बाबा कोणापुढे मांडणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.

प्रत्येक चाचणीनंतर काका पितळी चाकं उतरवून, तेलाच्या बोटानं पुसून, फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवत. त्या संध्याकाळीही त्यांनीच ठेवली होती. आई आणि आत्या दिव्याच्या वाती वळत बसल्या होत्या, बाबा सामान आणायला गेले होते. मी पेटी उघडली, फडकं सोडलं, मोठं चाक घेतलं, फडकं पुन्हा तसंच बांधलं. चाक माझ्या कंपासपेटीत, कर्कटकाच्या खाली. सगळं मिळून पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ.

सोमवारी संध्याकाळी ते सापडेना तेव्हा घरात शोधाशोध सुरू झाली. आईनं केराचं सूप चाळलं. बाबांनी सतरंजी तीनदा झटकली. काका पडवीत ओणवे होऊन फरशीच्या फटीत सायकलची आरी घालून बघत होते. "मैंने ही रखा था भाऊ, अपने हाथ से रखा था," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि तेच वाक्य नंतर त्यांच्यावर उलटलं. मीही शोधत होते. कपाटाखाली वाकून बघितल्याचं, डोक्याला कोळ्याचं जाळं लागल्याचं मला आजही आठवतं. ज्या वस्तूचा ठिकाणा माहीत आहे ती शोधण्याचं नाटक माणूस किती मन लावून करतो! शेवटी बाबा खुर्चीत बसले आणि भिंतीकडे बघू लागले, कचेरीतून आल्यावर बघत तसे. "जाऊ द्या. नाही मांडत यंदा," म्हणाले. काका मात्र उभेच होते. "महालक्ष्मी कब बैठेगी?" त्यांनी आईला विचारलं. "बुधवारी संध्याकाळी," आई म्हणाली. ते सायकल घेऊन निघून गेले.

मंगळवारी ते दिसले नाहीत. बुधवारी सकाळी, बाबा दाढी करत होते तेव्हा, कडी वाजली. काकांचे डोळे लाल होते, उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली होती. त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून चाक काढलं आणि बाबांच्या तळव्यावर ठेवलं.

"लगा के देखो, भाऊ."

बाबांचा एक गाल साबणाचा होता. त्यांनी चाक उजेडात धरलं, नखानं दाते मोजले. चेहरा उजळला. "अरे! कहाँ मिला?"

"मिला नहीं. बनाया."

"किसने?"

"मैंने. कल."

बाबा हसले. आधी ते खरंच विनोद समजून हसले, याची मला खात्री आहे. मग काका हसत नाहीत हे पाहून थांबले. "भुनेश्वर, पच्चीस साल से ड्राइंग कर रहा हूँ. छप्पन दाते, एक दिन में, हाथ से? और नया होता तो चमकता. ये देखो, छेद के पास का कालापन तक वही है."

"काजल लगाया. तेल में घोट के. बाकी सब पुराने हैं ना, नया वाला आँख में चुभता."

बाबांनी मान हलवली. आणि मग ते अगदी प्रेमानं, समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "ले गए थे तो बोल देते. तुम तो घर के आदमी हो. मैं क्या कुछ कहता?"

आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं. शेजारी धावले असते, काहीतरी फुटलं असतं. पण घरात फक्त बाहेरच्या नळाचं पाणी बादलीत पडत होतं. काकांनी बाबांकडे पाहिलं. मग चाकाकडे पाहिलं. "लगा के देखो," असं त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं, चपला घातल्या, आणि सायकल न चढता हातात धरूनच फाटकाबाहेर गेले.

"असं म्हनत असतात का?" आई म्हणाली.

"मी काय चोर म्हटलं त्याले?" बाबा म्हणाले. "चालवून पाहाले नेलं असंन, मंग लाज वाटली असंन. मी तर माफच केलं न."

मी आतल्या खोलीत धावत गेले आणि कंपासपेटी उघडली. चाक होतं. कर्कटकाखाली, जसं ठेवलं तसं. मी ते हातात घेतलं. मी पकडली जाईन ही भीती होतीच, पण ती नंतर आली. पहिलं जे आलं ते निराळं होतं. त्या घरात, त्या पाऱ्यात, सगळ्या रायपुरात मी एकटी होते जिला ठाऊक होतं, की काकांनी जे आणलं ते खरोखर आदल्या दिवशी या जगात नव्हतं. त्या माणसानं आठवणीवरून, डोळ्यांसमोर नमुना नसताना, ते असं घडवलं होतं की पंचवीस वर्षं रेघा मारणारा माणूस फसला. इतकं चांगलं केलं होतं म्हणूनच ते चोर ठरले होते. थोडं वाकडं झालं असतं, एक दाता जाड झाला असता, तर बाबांनी त्यांना मिठी मारली असती. मी ते कळून तशीच उभी राहिले. देवळात एकदम घंटा वाजली की होतं तसं. तेव्हा बाहेर जाऊन मुठीतलं चाक दाखवायला सहा पावलं पुरली असती. मी ती टाकली नाहीत. आत्या होती, शुक्रवार होता, ताई होती, कारणं खूप होती. मी कंपासपेटी बंद केली.

काकांची बायको तीजेला, म्हणजे हरतालिकेला, माहेरी गेलेली होती, मुलगीही बरोबर. त्यांना ते करताना कोणी पाहिलेलं नव्हतं. साक्षीदार अशी मीच, जिनं काहीच पाहिलं नव्हतं.

बाबांनी चाक लावलं. पूल चालला. आधी चालला होता त्यापेक्षा मऊ चालला, असं मला वाटलं. बाबा म्हणाले, तेलाचा गुण. शुक्रवारी भिलाईचे लोक आले. हेडमास्तर पांढऱ्या सफारीत, हातात छत्री. त्यांनी महालक्ष्म्यांना नमस्कार केला, वर टांगलेल्या फुलोऱ्याकडे पाहिलं, खाली पुलाकडे पाहिलं, आणि आत्यानं श्वास रोखला. "हे काय आहे?" बाबांनी चाचरत सांगितलं. हेडमास्तरांनी छत्री मुलाच्या हातात दिली, सफारीची पँट गुडघ्यांवर वर ओढली आणि जमिनीवर उकिडवे बसले. "मी फिरवू का?" त्यांनी विचारलं, आणि आवाज अगदी चौथीतल्या मुलासारखा निघाला. पंख उचलले गेले, होडी गेली, पंख टेकले, बैल निघाले. त्यांनी सहा वेळा फिरवलं. सातव्यांदा मुलानं फिरवलं. मग त्या घरातले सगळे पुरुष गुडघे टेकून त्या परातीभोवती गोळा झाले, ताई चहाचा ट्रे घेऊन उभी आणि तिच्याकडे कोणी पाहीना. आई पदर तोंडाला लावून हसत होती. लग्न तिथेच ठरलं. ज्याच्या भीतीनं मी ते केलं होतं, ते मुळात नव्हतंच.

काका प्रसादाला आले नाहीत. आईनं पुरणाचं ताट पाठवलं. दुसऱ्या दिवशी ताट घासून, पुसून, त्यात नारळ ठेवून परत आलं. रिकामं ताट परत करायचं नसतं एवढी रीत त्यांनी पाळली. त्यानंतर रस्त्यात भेटले की ते सायकलवरून मान लववत. बाबा म्हणत, "येईन हो तो, राग शांत झाला की." पुढच्या वर्षी बाबांनी तोच पूल एकट्यानं उभा करायला घेतला, अर्ध्यात सोडला. त्याच्या पुढच्या वर्षी पेटी माळ्यावर गेली. रविवारी सकाळी पोहे व्हायचे आणि कडी वाजायची नाही. आई वाटीभर पोहे जास्त भिजवायची सवय काही दिवस सोडू शकली नाही.

मी बोलले नाही. ताईचं लग्न झालं, माझं झालं, काका निवृत्त होऊन अभनपूरच्या बाजूला आपल्या गावी गेले, आई गेली, बाबा माझ्याकडे राहायला आले. चाक माझ्याबरोबर या डब्यातून त्या डब्यात फिरत राहिलं. मी रायपुरातच, समता कॉलनीतल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. दिवसभर काचेच्या पट्टीवरचं रक्त भिंगाखाली बघते. गेल्या वर्षी बाबांचं सामान लावताना ती पेटी निघाली. फडक्यात ते दुसरं चाक. मी दोन्ही पर्समध्ये टाकून लॅबमध्ये नेली आणि दुपारच्या वेळी, कोणी नसताना, भिंगाखाली धरली. साध्या डोळ्यांना आजही फरक दिसत नाही. भिंगाखाली एक गुळगुळीत होतं, यंत्रातून निघालेलं. दुसऱ्याच्या प्रत्येक दात्याच्या पोटात कानशीचे बारीक ओरखडे होते, सगळे एकाच दिशेनं, पिकलेल्या केसांसारखे. छप्पन्न वेळा. मी एकेक दाता सरकवत पुढे गेले. कुठेतरी तेविसाव्या-चोविसाव्याला ओरखडे जरा खोल झाले होते, हात दमला असणार; मग पुन्हा हलके. मी त्या स्टुलावर बसून रडले, आणि त्याच संध्याकाळी घरी जाऊन दोन्ही चाकं बाबांच्या पुढ्यात ठेवली.

मी सगळं सांगितलं. इथे लिहिलं त्याहून कमी शब्दांत. बाबा आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून शेवटचं वाक्य दोनदा सांगावं लागलं: "मी घेतलं होतं बाबा. काकांनी खरंच बनवलं होतं." त्यांनी त्यांचं नकाशे बघायचं जुनं भिंग मागवलं. एक चाक पाहिलं, दुसरं पाहिलं, पुन्हा पहिलं पाहिलं. मी मार खायला उभ्या असलेल्या पोरीसारखी उभी होते, या वयात. त्यांनी वर पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण माझ्याकडे ते बघतच नव्हते.

"हातानं केलं त्यानं," ते म्हणाले. "मनू, हे त्यानं हातानं केलं."

"हो बाबा."

"एका दिवसात."

मग दोन्ही चाकं मुठीत घेऊन, "मी त्याले म्हटलं, माफ केलं." आणि मग, "गाडी काढ."

काकांच्या गावी आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. काका अंगणात खाटेवर बसले होते, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हिरवा चष्मा. बाबांना ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. उठले, खाटेवरची चादर नीट केली, "बैठो भाऊ" म्हणाले. काकी पाणी घेऊन आली. मी वाटभर वाक्य जुळवत आले होते ते म्हणायला लागले, पण बाबांनीच मध्ये दोन्ही चाकं खाटेवर ठेवली. काकांनी बोटांनी चाचपली. एक उचलून ठेवून दिलं, दुसऱ्यावर अंगठा थांबला. पाहायची गरजच पडली नाही.

"ये मेरा है," ते म्हणाले.

"भुनेश्वर," बाबा म्हणाले, "मैंने तुमको चोर कहा."

"हव, कहा." काका शांतपणे म्हणाले. "वो तो ठीक है भाऊ. चीज़ गुमी थी, मेरे हाथ से गुमी थी, आदमी सोचता है. लेकिन आपने पूछा नहीं कैसे बनाया. इतने साल मैं वही सोचता रहा. एक बार पूछते तो सही."

बाबा खाटेच्या कडेवर पुढे सरकून बसले. त्यांनी कानामागे हात धरला. "अब पूछता हूँ. कैसे बनाया? छप्पन हिस्से कैसे किए?"

काकांनी काकीला कॅलेंडर आणायला सांगितलं. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी पेन्सिलनं एक उभी रेघ मारली, थरथरती. "बेटी की कॉपी थी घर में. अट्ठाईस खाने का पन्ना. हाशिये पे हर लाइन का निशान तैयार ही था." समोर दूर एक ठिपका दिला. "सब निशान से इस बिंदी तक लाइन. देखो, पंखा बन गया. अब चकती पे कागज़ की पट्टी लपेट के नापी, आधी मोड़ी, और पंखे में सरकाते गए, सरकाते गए, जहाँ बराबर बैठी वहाँ निशान. अट्ठाईस. फिर दूसरी आधी."

बाबा त्या पंख्याकडे बघत होते. "ये तो..." म्हणाले, आणि थांबले.

"हव. आप ही ने तो बताया था. पाळणे वाले साल. अख़बार पे बना के." काका हसले. दात उरले नव्हते. "पीतल पुराने दरवाजे की पट्टी से काटा. पहली चकती बिगड़ गई थी भाऊ, ग्यारहवें दाते पे..."

"काका," मी म्हणाले. मी एक पाऊल पुढे झाले. "काका, वो चक्का मैंने..."

त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला, पेन्सिल बोटांत तशीच. "हव नोनी, सुन लिया. रुक अभी. भाऊ पूछ रहे हैं."

बाबा खाटेवरून उतरून खाली अंगणातच बसले होते, कॅलेंडर नीट दिसावं म्हणून. मी रुकले. पाण्याचा पेला हातात धरून उभी राहिले, आणि काका अकराव्या दात्यापासून पुढे सांगू लागले.